कडाक्याच्या थंडीतली भाजी

आपल्या रात्रीच्या वर्गात एकदा एका बाईंनी आम्हांला प्रश्न विचारला. त्या दिवशी फळ्यावर जोडाक्षरे चालली होती. बाई मागे भिंतीला टेकून बसत. हात वर करून त्या म्हणाल्या, "गुरुजी, अक्षरं जरा राहू द्या. माझी वांगी एका रात्रीत मेली. वांग्याच्या शेजारीच लसूण लावला होता. तो मात्र जसाच्या तसा उभा. माती एक, पाणी एक, थंडीपण एकच. मग एक मेलं नि एक जगलं, असं का?"

सगळा वर्ग आमच्या तोंडाकडे पाहू लागला. आम्ही चौतीस वर्षे शाळेत शिकवले. पाणी शून्य अंशाला गोठते, हे किती मुलांकडून घोकून घेतले असेल! पण या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येईना. "विचारून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर तो प्रश्न आमच्या जिव्हारी लागला होता. कारण त्याच रात्री आमचाही मळा गेला होता.

ही गोष्ट २०१८ सालच्या डिसेंबर अखेरची. आमचे गाव नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. थंडीचे दिवस आले की निफाडचे नाव वर्तमानपत्रात हटकून येते. त्या आठवड्यात निफाडला पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. नाशिक शहरात तर फार पूर्वी, ७ जानेवारी १९४५ रोजी, ०.६ अंशाची नोंद झालेली आहे. तेव्हा असा गारठा आपल्याला नवा नाही. तो दरवर्षी येतो असेही नाही. पण ज्या वर्षी येतो, त्या वर्षी एका पहाटेत हिशेब करून जातो.

नोकरी संपल्यावर आम्ही विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत टोमॅटो लावला होता. बांबू, तार, सुतळी, रोपे, औषधे मिळून २८ हजार रुपये त्यात घातले होते. झाडे फळांनी लगडली होती. अजून आठ दिवसांनी पहिला तोडा निघणार होता. पहाटे उठून मळ्यात गेलो तो बांधावरचे गवत पांढरे. कोणी मीठ शिंपडावे तसे. पाटाच्या कडेच्या पाण्यावर पापडासारखा बर्फाचा थर. टोमॅटोची पाने हिरवीच होती, पण काचेसारखी ताठ झाली होती. आम्हांला वाटले, वाचली! ऊन वर आले. नऊ वाजेपर्यंत ती सगळी पाने उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून खाली लोंबू लागली. संध्याकाळी वास सुटला.

आमच्या सौ. नी त्याच मळ्याच्या कडेला, घरच्यापुरते म्हणून, चार वाफे केले होते. त्यांत कोबी होती, मेथी होती, पालक, लसूण नि थोडी कोथिंबीर होती. पहाटे तीही सगळी माना टाकून पडली होती. आम्ही म्हटले, "तुमचीही गेली." त्या काही बोलल्या नाहीत. दहाच्या सुमारास त्यांनी आम्हांला हाक मारली, "अहो, इकडे या जरा." येऊन पाहतो तर मेथी उभी राहिली होती. कोबीची पाने पुन्हा कडक झाली होती. लसणाला तर काही झालेच नव्हते.

आम्ही मग कृषी सहायकांना विचारले, चार पुस्तके चाळली, आणि पंधरा दिवसांनी बाईंना वर्गात उत्तर दिले. तेच येथे लिहीत आहोत.

आधी दहिवर म्हणजे काय ते पाहू. दिवसा ऊन जमिनीला तापवते. रात्री जमीन ती ऊब आकाशाकडे सोडून देते. आकाशात ढग असले तर ते गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात. ढग नसले, वारा पडलेला असला आणि हवा कोरडी असली, तर सगळी ऊब निघून जाते. मग पाने, गवत, ढेकळे ही भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. हवेतली वाफ त्यांच्यावर जमते. ती पाण्याच्या थेंबांच्या रूपाने जमली तर दंव. पान शून्य अंशाच्याही खाली गेलेले असले तर तेच गोठून पांढरे होते. ते दहिवर.

येथे एक शंका येते. वर्तमानपत्रात ३ अंश लिहिलेले असते. ३ अंशाला पाणी गोठत नाही. मग बांधावर बर्फ कसा? याचे उत्तर सोपे आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे ४ फूट उंच, पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. तो हवेची थंडी सांगतो. मेथी काही चार फुटांवर उगवत नाही! शांत, निरभ्र रात्री जमिनीलगत त्याहून तीन-चार अंश कमी असतात. म्हणून पेपरात ४ अंश वाचले तरी भाजीवाल्याने सावध व्हावे.

दुसरी गोष्ट, थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत जाते आणि खोलगट जागी साठते. आमचे दहा गुंठे ओढ्याच्या काठी, सगळ्यांत खाली होते. शेजारच्या अण्णांचा टोमॅटो वरच्या टेपावर होता. त्यांचा शेंड्याशेंड्याला जळला, पण अर्धा वाचला. आम्ही आयुष्यभर म्हणत आलो, ओढ्याकाठची जमीन चांगली, ओल धरते. तीच ओढ्याकाठची जागा थंडीही धरते, हे कळायला २८ हजार रुपये पडले.

तुमच्या जागेत थंडी कुठे साठते हे पाहायला पैसे लागत नाहीत. पौषातल्या एखाद्या गार रात्री दोन थाळ्यांत बोटभर पाणी घालून एक उंचावर आणि एक खोलगट भागात ठेवा. सूर्य उगवायच्या आत जाऊन पाहा. ज्या थाळीवर बर्फाची साय धरली असेल, तेथे वांगी-टोमॅटो लावू नका.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. वांगे मेले आणि लसूण जगला, असे का?

झाडाचे पान म्हणजे लहान लहान पेशींची वीण. घराला घर लागून चाळ असावी तशी. प्रत्येक पेशीत पाणी भरलेले असते. दोन पेशींच्या मध्ये फटी असतात. थंडी पडली की आधी फटींतले पाणी गोठते. तो बर्फ पेशीतले पाणी बाहेर ओढू लागतो. वांगे, टोमॅटो, मिरची यांच्या पेशींना हे सोसत नाही. त्यांची भिंतीआतली पातळ त्वचा फाटते. ऊन आले की आतले पाणी वाहून जाते. पान उकडल्यासारखे दिसते ते याचमुळे. असे पान पुन्हा उठत नाही, कितीही पाणी द्या.

लसूण, कोबी, पालक यांचे तसे नाही. हवा गार होऊ लागली की ही झाडे तयारीला लागतात. अंगातल्या पिठाची साखर करतात. साध्या पाण्याचा बर्फ लवकर होतो, पण साखरेचा पाक तितक्या लवकर गोठत नाही, हे घरातल्या बायकांना ठाऊक आहे. पेशीतले थोडे पाणी फटीत गेले तरी उरलेला दाट रस गोठत नाही. पान फक्त मलूल होते. ऊन आले, फटीतला बर्फ वितळला, की पेशी ते पाणी परत पिऊन घेतात. म्हणून पहाटे मान टाकलेली मेथी दहा वाजता उभी राहते. संक्रांतीच्या सुमाराचे गाजर गोड लागते, तेही याच कारणाने. थंडीने गाजराला गोडी दिली असे आपण म्हणतो. खरे तर गाजराने आपला जीव वाचवायला ती साखर केलेली असते. आपण ती खातो.

पण ही तयारी एका रात्रीत होत नाही. आठ-पंधरा दिवस हळूहळू वाढती थंडी लागली म्हणजे झाड कसते. कार्तिक-मार्गशीर्षात उघड्यावर वाढलेले रोप पौषातला कडाका सोसते. आडोशाला, भरपूर युरिया घालून फुगवलेले रोप तोच कडाका सोसत नाही. त्याच्या अंगात पाणीच पाणी असते. म्हणून डिसेंबर लागला की वरखताचा हात आखडता घ्यावा.

भाज्यांच्या मूळ मुलखाचाही यात भाग आहे. टोमॅटो, मिरची, बटाटा ही दक्षिण अमेरिकेकडची. भेंडी, वांगी, काकडी, दोडका, भोपळा, गवार ही सगळी उबेत वाढलेली. कोबी मात्र युरोपच्या गार किनाऱ्यांवरची. लसूण, कांदा, वाटाणा, गाजर ही पश्चिम आणि मध्य आशियाकडची, जिथे हिवाळा खराखुरा असतो. आपला पालक हा बीटाचा भाऊबंद. आता गंमत अशी, की 'कोबी' आणि 'बटाटा' हे दोन्ही शब्द पोर्तुगीज लोकांकडून आपल्या बोलीत आले. एकाच वाटेने आलेल्या या दोन पाहुण्यांपैकी कोबी दहिवर सोसते आणि बटाट्याचा पाला जळतो. बटाटा मातीखाली असतो म्हणून तेवढा वाचतो.

मग उघड्या वाफ्यात, थंडीत काढायला, काय लावावे?

पहिली कोबी. कसलेले कोबीचे झाड शून्याच्या खाली तीन-चार अंशही सोसते. आपल्याकडे त्याहून अधिक थंडी होत नाही. गोल्डन एकर ही जुनी जात लवकर गड्डा धरते. सप्टेंबरच्या शेवटी किंवा दसऱ्याच्या आधी गादीवाफ्यावर बी टाकावे. बी फार खोल घालू नये, नखभर माती पुरे. चार-पाच आठवड्यांनी रोप लावण्याजोगे होते. ६ फूट रुंद आणि १५ फूट लांब वाफ्यात, दीड-दीड फुटावर, चाळीस रोपे बसतात. चाळीस गड्डे म्हणजे पाच माणसांच्या घराला दोन महिन्यांची सोय, आणि आल्यागेल्याच्या पिशवीत घालायला चार. सगळी रोपे एकाच दिवशी लावू नका. निम्मी आज आणि निम्मी पंधरा दिवसांनी लावा. नाही तर सगळे गड्डे एकदम तयार होतात, आणि मग घरात रोज कोबी, कोबी आणि कोबी!

नवलकोल कोबीचाच नातलग. तो दोन महिन्यांत तयार होतो, म्हणून घाई असणाऱ्याने तो लावावा. फ्लॉवरचे झाड थंडी सोसते, पण पांढरा गड्डा सोसत नाही. तो गोठला की पाणी सुटून तपकिरी पडतो. गड्डा लिंबाएवढा झाला की बाहेरची पाने वर घेऊन सुतळीने सैल बांधावी. थंडीही लागत नाही आणि उन्हाने पिवळाही पडत नाही.

लसणाइतके बिनतक्रार पीक आम्ही पाहिले नाही. दसरा ते दिवाळी या काळात पाकळ्या लावाव्या. टोक वर, बूड खाली, चार-चार बोटांवर. तेवढ्याच वाफ्याला अर्धा किलो लसूण पुरे होतो. गड्डा निघायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो, पण तोवर वाट कशाला पाहायची? हिवाळाभर पात काढता येते. सगळी पात एकाच झाडाची काढू नये, एकेका झाडाची एक-दोन पाती खुडावी. लसणाची पात, हिरवी मिरची आणि शेंगदाणे यांचा ठेचा गरम बाजरीच्या भाकरीबरोबर काय लागतो, हे लिहून समजणार नाही.

मेथी, पालक आणि कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी. मेथी एरवी महिन्यात काढणीला येते. थंडीत मात्र सगळेच सावकाश चालते, हे ध्यानात ठेवा. पौषात पेरलेली मेथी उगवायलाच आठवडा घेते आणि दीड महिना खाते. म्हणूनच थंडीत खायची भाजी थंडीच्या आधी वाढवून ठेवावी लागते. ज्याला मकरसंक्रांतीला पालक पाहिजे, त्याने तो दिवाळीच्या सुमारास पेरलेला असावा. संक्रांतीच्या महिन्यात पेरायला निघालो तर पालक शिमग्याला मिळेल. पालक मुळासकट उपटू नये. दोन बोटे वर ठेवून कापावा. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कापायला येतो. कोथिंबिरीचे धणे पेरण्यापूर्वी हाताने चोळून त्यांची दोन फाके करावी, आणि रात्रभर भिजवावे.

गाजर, मुळा आणि बीट ही मातीखालची मंडळी. माती त्यांची गोधडी असते. पाला थोडा करपला तरी कंद बिघडत नाही. जमीन भुसभुशीत पाहिजे. ढेकळे असली तर गाजराला दोन-दोन पाय फुटतात. सगळे गाजर एकदम उपटायची गरज नाही. लागेल तसे काढावे, बाकीचे जमिनीतच राहू द्यावे. जमिनीसारखे कोठार नाही, आणि त्याला विजेचे बिलही येत नाही.

वाटाण्याची गोष्ट जरा फसवी आहे. आम्हीही फसलो. कोवळे वाटाण्याचे रोप दहिवर सहज सोसते. फूल आणि कोवळी शेंग मात्र सोसत नाही. वेल हिरवागार दिसतो आणि फुले गळून पडतात. आमच्याकडे कडाका बहुधा डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत येतो. म्हणून वाटाणा दोनदा पेरावा. एकदा दसऱ्याला, म्हणजे शेंगा डिसेंबरात हाती येतात. दुसऱ्यांदा नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे फूल उशिरा येते. दोन्हींतले एक गेले तर एक राहते. हरभऱ्याचेही तेच. पाला सोसतो, फूल सोसत नाही. हरभऱ्याची भाजी खुडायची असेल तर फुलाच्या आधीच खुडावी.

चाकवत आणि अंबट चुका यांना विसरू नका. बाजारात त्यांना मोठा मान नाही, पण गारठ्यात ती पोटाला गरम आणि हाताला स्वस्त. एकदा वाफ्यात आली की पुन्हा पुढच्या वर्षी आपणहून उगवतात.

हे सगळे लावल्यावरही एखादी रात्र वाईट येतेच. ती कशी ओळखावी? दोन दिवस उत्तरेचा बोचरा वारा सुटतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एकाएकी पडतो. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ, तारे मोठे दिसतात. चुलीचा धूर वर न जाता घरांवर आडवा पसरतो. अशी संध्याकाळ दिसली की झोपण्याआधी वाफ्यात एक चक्कर टाकावी.

सगळ्यांत खात्रीचा उपाय पाण्याचा. दुपारीच वाफ्यांना पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची ऊब साठवते आणि रात्रभर थोडी थोडी सोडते. कोरड्या, ढेकळांच्या जमिनीत ही ऊब फार खोल जात नाही. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट असते, पहाटे त्यातून वाफ निघताना तुम्ही पाहिली आहे. पहाटे चार-पाचला ते पाणी पाटातून सोडले तर वाफ्याच्या आसपासची हवा एक-दोन अंशांनी चढते. कधी कधी तेवढ्यानेच भागते. द्राक्षबागवालेही असेच करतात. पहाटे पाणी सोडतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात. शेकोट्या करायच्याच तर लहान लहान आणि पुष्कळ कराव्या. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा भर्रकन वर जाते आणि बाजूची गार हवा आत ओढली जाते. नुसत्या धुराने फारसे काही होत नाही. जुनी टायरे तर मुळीच जाळू नका. भाजी वाचेल न वाचेल, पण पोरांची छाती भरेल.

त्या रात्री, २०१८ साली, आमच्या विहिरीला पाणी होते. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीचीच होती. म्हणजे वीजही होती. आम्ही गोधडीत होतो.

झाकण घालायचे तर बांबूच्या कांबी कमानीसारख्या रोवून त्यांवर जुनी लुगडी किंवा गोणपाट टाकावे. कापड पानांना टेकू देऊ नये. जेथे टेकते तेथे पान करपते. संध्याकाळी ऊन उतरण्याआधी झाकावे, म्हणजे जमिनीची ऊब आत अडकते. सकाळी ऊन आले की काढावे. आणखी एक चूक पुष्कळजण करतात. आम्हीही केली. दोन ओळींमध्ये उसाचे पाचट किंवा भुसा जाड पसरतात. उन्हाळ्यात ते फार चांगले. पण कडाक्याच्या रात्री त्या पाचटाने जमिनीची ऊब जमिनीतच कोंडते, वर पानांपर्यंत येत नाही. पाचटावरची मेथी अधिक करपते. तेव्हा त्या आठ-दहा दिवसांपुरते पाचट बाजूला ओढावे.

दहिवर पडलेल्या सकाळी वाफ्यात हात घालू नका. गोठलेले पान काचेसारखे ठिसूळ असते. काठीने झटकले, तोडले, पायाखाली आले, की तेथून सडू लागते. मुंबई-नाशिकच्या गाडीची घाई असली तरी थांबा. ऊन वर येऊ द्या, पाने आपोआप उभी राहू द्या, मग काढणी करा. गोठलेली मेथी जुडी बांधून पाठवली तर बाजारात पोचेपर्यंत तिचा चिखल होतो. हे आम्ही पाहिले आहे.

कीड थंडीत कमी असते, पण आभाळ आले की मावा येतो. कोबीच्या कडेने मोहरीची एक ओळ लावावी, मावा आधी तिच्यावर जातो. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी.

बाईंच्याकडे घरामागे जेमतेम दोन गुंठे आहेत. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. त्या वर्षी त्यांनी दोन्ही गुंठ्यांत वांगी आणि मिरची लावली होती, आठवड्याच्या बाजारात बसण्यासाठी. सगळी गेली. जानेवारीभर त्या दुसऱ्याच्या कांद्यात मजुरीने गेल्या आणि भाजी विकत आणली. पुढच्या दसऱ्याला त्यांनी वहीत आपल्या हाताने वाफ्यांचा नकाशा काढला. एका चौकोनात 'कोबी', एका चौकोनात 'लसुण', असे लिहिले. 'लसूण' मधला 'सू' त्यांनी ऱ्हस्व काढला होता. आम्ही तो दुरुस्त केला नाही. वांगी त्यांनी सोडली नाहीत. एकच ओळ लावली, घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. आम्ही हे त्यांना सांगितलेले नव्हते. त्यांचे त्यांनीच शोधले.

भोगीच्या दिवशी त्यांनी आमच्याकडे वाटीभर भाजी पाठवली. गाजर, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, तीळ, आणि दोन वांग्यांच्या फोडी.

आता बियांचे सांगतो आणि पुरे करतो. फेब्रुवारीत ऊन तापू लागले की मेथी, पालक, कोथिंबीर यांना फुलाचा दांडा येतो. दांडा आला की पाने कडवट होतात. त्याआधी काढून घ्यावी. मात्र वाफ्याचा एक कोपरा तसाच ठेवावा. थंडीत सगळ्यांत आधी उभे राहिलेले झाड कोणते ते पाहून, त्याला चिंधी बांधून ठेवावी आणि त्याचेच बी धरावे. लसणाचेही मोठे गड्डे पुढच्या वर्षासाठी पातीसकट वेणी घालून आढ्याला टांगावे. कोबीचे बी मात्र आपल्या सपाटीवर धरत नाही. तिला बी धरायला डोंगराळ मुलखातली लांबलचक थंडी लागते. ते पाकीट दरवर्षी विकतच आणावे, आणि आणताना त्यावरची तारीख स्वतः वाचून घ्यावी.